पीकविम्यातली सरासरी: कुठे चालते, कुठे चालत नाही

२०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रातला पीकविमा एकाच आकड्यावर उभा आहे: महसूल मंडळाचे, म्हणजे वीसेक गावांच्या गटाचे, सरासरी उत्पादन. एक रुपयाचा हप्ता गेला, शेतकऱ्याचा वाटा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला, हे सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्याच बदलात स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान आणि न होऊ शकलेली पेरणी या चार कारणांनी मिळणारी भरपाईही राज्याने योजनेतून काढली, त्याची चर्चा मात्र पूर आल्यावरच झाली. आता उरली आहे ती पीक कापणी प्रयोगांवरची भरपाई. मंडळातल्या निवडक शेतांतले उत्पादन मोजायचे, त्याची सरासरी काढायची. ती ठरलेल्या रेषेखाली गेली तर मंडळातल्या प्रत्येक विमेदाराला सारख्याच टक्क्याने पैसे मिळतात. वर राहिली तर कुणालाच काही मिळत नाही. पहिल्याच हंगामात, सप्टेंबरमध्ये, सीना आणि मांजरा पात्र सोडून शेतांत शिरल्या. काठावरचे सोयाबीन सडले आणि त्याच मंडळातल्या वरच्या माळावरचे उभे राहिले.

या पद्धतीवर टीका करणारे बरेच जण सरासरीलाच दोष देतात. ते मला पटत नाही. सरासरीशिवाय ना पावसाचा अंदाज बांधता येतो, ना धरणाचे नियोजन करता येते, ना विम्याचा हप्ता ठरतो. प्रश्न असा आहे की ती कशाची काढली आणि काढून झाल्यावर तिच्यावर कोणता निर्णय टांगला. माझे म्हणणे एवढेच: जिथे एकीकडचे जास्त खरोखरच दुसरीकडच्या कमीत ओतता येते, तिथे सरासरी वस्तुस्थिती सांगते. जिथे ओतता येत नाही, तिथे ती फक्त भागाकार असते आणि अशा भागाकारावर कुणाचे पैसे अडवू नयेत.

ही कसोटी आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त खातव्यवहारात, म्हणजे खड्ड्यांच्या हिशेबात, एक उदाहरण आहे. खड्ड्याच्या बाजू तिरक्या, त्यामुळे तीन ठिकाणी मापे वेगळी येतात: लांबी १०, ११, १२ हात, रुंदी ६, ५, ७ हात, खोली २, ४, ३ हात. प्रत्येक मापाची बेरीज करून ठिकाणांच्या संख्येने भागायचे. लांबी ११, रुंदी ६, खोली ३ आणि घनफळ १९८ घनहात. इथे सरासरी चालते, कारण शोधायची असते ती एकूण माती. ४ हात खोल भागातली जास्तीची माती २ हात खोल भागातली कमी भरून काढते आणि खणणाऱ्याची मजुरी एकूण मातीवर ठरते. शाळेत आपण भागाकार शिकतो, पण हे कारण शिकत नाही. दहावीच्या पुस्तकात मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) आणि बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारा) ही तिन्ही मापे आहेत, विद्यार्थी तिन्ही काढूही शकतात. कोणत्या प्रश्नाला कोणते माप लावायचे हे मात्र परीक्षेत कुणी विचारत नाही.

पावसाचे पाहा. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि माण तालुकाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिमीच्या पुढे पाऊस होतो, दहिवडीकडे ५०० मिमीच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढली की जो आकडा येतो तितका पाऊस या दोन्ही ठिकाणी कधीच पडत नाही. महाबळेश्वरचा पाऊस कोयनेत आणि कृष्णेत उतरतो, माणच्या ज्वारीच्या मुळाशी जात नाही. हवामान खाते जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त असला तर तो ‘सामान्य’ धरते. घाटमाथ्यावर दोन-तीन दिवस मुसळधार झाली की अख्खा जिल्हा सामान्य वर्गात जाऊ शकतो आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत टँकर सुरूच राहतात.

उलट उदाहरण जायकवाडीचे. नाशिक आणि अहिल्यानगरकडच्या पाणलोटात पडलेला पाऊस गोदावरीने पैठणला येतो. तिथे वरच्या भागातला पाऊस खालच्या भागासाठी मोजणे योग्य आहे, कारण पाणी खरोखरच वाहून येते. वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे, याचा वादही जायकवाडीच्या १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर आणि तो ६५ टक्के आहे की नाही या निकषावर होतो, पैठणमध्ये किती मिमी पाऊस झाला यावर होत नाही. म्हणजे एकाच पावसाची सरासरी कालव्याखालच्या शेतकऱ्याच्या कामाची असते आणि त्याच तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या काहीही कामाची नसते. पाणी येण्याची वाट आहे की नाही, एवढाच फरक.

काळाच्या सरासरीतही हेच घडते. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९७१ ते २०२० या ५० वर्षांवरून ८७ सेंमी धरली आहे. २०२३ साली देशात जूनमध्ये सरासरीच्या ९१ टक्के, जुलैत ११३, ऑगस्टमध्ये ६४ आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा ११३ टक्के पाऊस झाला. चार महिन्यांचा हिशेब ९४ टक्क्यांवर आला. तो सामान्यपेक्षा किंचित कमी. पण तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. जून-जुलैत पेरलेले सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात येते आणि शेंगा धरते. त्या तीन आठवड्यांत जमिनीत ओल नसली तर फुले गळतात, धरलेल्या शेंगांत दाणे चपटे राहतात. सप्टेंबरचा जादा पाऊस ती फुले परत आणत नाही. त्या वर्षी कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या चारपैकी एकही उपविभाग हवामान खात्याच्या हंगामी तक्त्यात तुटीच्या वर्गात गेला नाही. तरीही ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती. ही मंडळे निवडताना सरकारने दोन कसोट्या लावल्या: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण पाऊस ७५० मिमीपेक्षा कमी. एकक तालुक्यावरून मंडळावर आणले आणि तुटीची हजारावर नावे वर आली. पाऊस तोच होता, फक्त भाजक बदलला.

कधी कधी ज्या मोजपट्टीवर आकडे घेतले तीच सरळ सरासरीला योग्य नसते. गणेशोत्सवात आणि लग्नसराईत ज्यावरून भांडणे होतात तो आवाज घ्या. डेसिबल ही लॉगरिदमची पट्टी आहे, म्हणजे दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. एका तासात १५ मिनिटे १०० डेसिबल आणि ४५ मिनिटे ५५ डेसिबल आवाज असेल, तर आकड्यांची साधी सरासरी ६६ येते. पण कानावर आदळते ती ऊर्जा, आणि बेरीज ऊर्जेची होते, डेसिबलची होत नाही. ऊर्जेची सरासरी काढून पुन्हा डेसिबलमध्ये आणली तर उत्तर ९४ येते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा याच ऊर्जेच्या सरासरीवर आहे. हे माहीत नसलेल्या माणसाने यंत्रावरचे आकडे वहीत लिहून भागले, तर २८ डेसिबलची चूक होते, आणि ती नेहमी आवाज करणाऱ्याच्या बाजूने होते.

आता पुन्हा विम्याकडे येऊ, कारण तिथे सरासरीची चूक थेट रुपयांत उतरते.

रेषा कशी ठरते ते आधी पाहू. मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे त्या सरासरीचा जेवढा भाग विम्याने राखायचा त्या टक्क्याने, गुणायचे. महाराष्ट्रात तो ७० टक्के आहे. येणाऱ्या आकड्याला उंबरठा उत्पादन म्हणतात. समजा एका मंडळाचे सोयाबीनचे सात वर्षांचे उत्पादन हेक्टरी १,४५०, ६२०, १,३००, १,५००, ४८०, १,२५० आणि १,१०० किलो आहे. ६२० आणि ४८० ची वर्षे वगळली की उरलेल्या पाचांची सरासरी १,३२० आणि तिचे ७० टक्के म्हणजे ९२४ किलो. हा नियम शेतकऱ्यावर अन्याय करणारा नाही, हे मान्य केले पाहिजे. सातही वर्षे धरली असती तर सरासरी ११०० आली असती. सरासरीऐवजी मध्यक घ्या, अशीही मागणी होते. पण सातपैकी तीन वर्षे वाईट गेली असतील तर मध्यक उरलेल्या चारांपैकी सर्वांत कमी उत्पादनावर येतो. वरच्या आकड्यांत १,३०० च्या जागी ७०० धरून पाहा: चांगल्या पाचांची सरासरी १,२०० येते, मध्यक मात्र १,१०० वर थांबतो. प्रत्येक ठिकाणी मध्यकच शेतकऱ्याच्या हिताचा असतो असे समजू नये.

अडचण रेषेच्या दुसऱ्या बाजूला आहे, चालू हंगामाच्या आकड्यात. मंडळ हे विमा एकक असेल तर एका पिकासाठी किमान १० पीक कापणी प्रयोग घ्यायचे असतात. गावे आणि गट क्रमांक यादृच्छिक पद्धतीने निवडतात. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून, काढलेल्या यादृच्छिक आकड्यांइतकी पावले लांबीला आणि रुंदीला चालून जिथे पोचाल तिथे प्लॉटचा कोपरा ठरतो. सोयाबीनसाठी प्लॉट १० मीटर बाय ५ मीटरचा आखतात, दोरी ताणून आणि कोपरे काटकोनात पाहून. त्यातले पीक कापायचे, मळायचे, उफणून वजन करायचे, भ्रमणध्वनीवरच्या ॲपमध्ये छायाचित्र आणि ठिकाणासह नोंद करायची. ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग, म्हणून प्लॉटचे वजन २०० ने गुणले की हेक्टरी उत्पादन मिळते.

हा २०० चा गुणाकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्लॉटच्या वजनात अर्ध्या किलोची चूक झाली तर हेक्टरी १०० किलोची चूक होते. दोरी सैल राहून प्लॉटची लांबी १० ऐवजी १०.५ मीटर झाली तर उत्पादन ५ टक्क्यांनी फुगते. धुऱ्याजवळच्या ओळी आत आल्या किंवा मुद्दाम टाळल्या तर आकडा हलतो. निवडलेल्या गटाच्या मालकाने पथक येण्याआधीच काढणी उरकली तर पर्यायी शेत घ्यावे लागते आणि यादृच्छिकता तिथेच बिघडू लागते. सर्वांत मोठी चूक ओलाव्याची. पावसात कापलेल्या सोयाबीनमध्ये २० टक्के पाणी असू शकते. साठवणीचा माल साधारण १२ टक्क्यांचा असतो. २० टक्के ओलाव्याचे १,००० किलो वाळवले की १२ टक्क्यांना ९०९ किलो भरतात. उंबरठा ९२४ आहे. ओल्या वजनावर त्या मंडळाचा दावा शून्य, वाळल्या वजनावर दावा बसतो. वाळवणीची नोंद घ्यायची पद्धत आहे, पण ती ज्या वर्षी सर्वांत जास्त लागते त्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबरात पाऊस लांबला असताना, घाईत राहून जाते.

तरी समजा सगळे प्रयोग काटेकोर झाले. मंडळातले ४० टक्के क्षेत्र नदीकाठचे आहे आणि पुरात बुडाले, तिथे हेक्टरी २५० किलो निघते. उरलेल्या ६० टक्क्यांत १,४०० किलो. दहा प्रयोगांत नेमकी ४ शेते बुडीत आणि ६ चांगली आली, तर सरासरी ९४०. उंबरठ्यापेक्षा १६ किलो जास्त. मंडळात कुणालाही भरपाई नाही. यादृच्छिक निवडीत ५ बुडीत आणि ५ चांगली आली असती, तर सरासरी ८२५ आली असती. तूट ९९ किलो, म्हणजे ९२४ च्या १०.७ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५६,००० रुपये धरली तर प्रत्येकाला ६,००० रुपये. ज्याचे पीक गेले त्यालाही ६,००० आणि ज्याने १,४०० किलो घरी आणले त्यालाही ६,०००.

एका प्लॉटने निकाल फिरतो. आणि हा प्लॉट कुणी लबाडीने फिरवलेला नाही, निवडच यादृच्छिक आहे. मंडळात खरोखरच ४० टक्के क्षेत्र बुडाले असेल तर दहा यादृच्छिक शेतांत चार किंवा त्याहून कमी बुडीत शेते येण्याची शक्यता ६३ टक्के आहे. सारखेच नुकसान झालेली १०० मंडळे घेतली तर सुमारे ६३ मंडळांना शून्य आणि ३७ मंडळांना काहीतरी मिळेल. त्या दहा आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, काढले तर ते ५९४ किलो येते आणि सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी साधारण किती चुकू शकते ते, त्याला १० च्या वर्गमुळाने भागून १८८ किलो. म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते ‘९४० च्या दोन्ही बाजूंना किमान १८८’ इतके ढोबळ आहे, आणि निर्णय १६ किलोंच्या अंतरावर घेतला जातो. सरासरीसोबत ही त्रुटी छापली जात नाही, म्हणून ९४० हा आकडा पक्का वाटतो. त्रुटी निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट, म्हणजे ४० करावे लागतात. मोजणारे हात तेवढेच असताना ते होणार नाही.

इथे ‘ओतता येते का’ हा प्रश्न पुन्हा विचारू. माळावरच्या शेतकऱ्याचे १,४०० किलो नदीकाठच्या शेतकऱ्याच्या घरात येत नाहीत. मंडळ एकत्र पेरत नाही, एकत्र काढत नाही आणि पीककर्जही एकत्र फेडत नाही. त्यामुळे मंडळाच्या सरासरी उत्पादनाने शेतकऱ्याच्या अवस्थेबद्दल काहीच कळत नाही. अर्थसंकल्पासाठी, तेलबियांच्या आयातीचा अंदाज बांधण्यासाठी, बाजारात किती माल येईल हे जाणून घेण्यासाठी हीच सरासरी उत्तम आहे, कारण तिथे एकूण सोयाबीनच मोजायचे असते.

आणि विम्यातही सरासरीला तिची हक्काची जागा आहे: हप्त्यात. लाखो विमेदारांचे नुकसान एकत्र केले की एका वर्षाचे सरासरी नुकसान बऱ्यापैकी स्थिर होते. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊ शकतो. माळावरच्याने भरलेला हप्ता खरोखरच नदीकाठच्याच्या कामी येतो. विमा हा धंदा उभाच राहतो तो या ओतण्यावर. हप्ता सरासरीने ठरवायचा आणि भरपाई ज्याचे नुकसान झाले त्याला द्यायची, एवढी त्याची रचना. भरपाईही सरासरीने दिली की विमेदाराने जोखीम वाटून घेण्यासाठी दिलेला हप्ता वाया जातो, कारण त्याची जोखीम त्याच्याकडेच राहते.

याच्या विरोधातले म्हणणे हलके नाही. स्थानिक आपत्तीच्या भरपाईत नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागायची, मग पाहणी व्हायची. लाखो सूचना एकाच आठवड्यात आल्या की पाहणी करणारा माणूस बांधावर न जाताच आकडे भरतो. एक रुपयाच्या काळात दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, न पेरलेल्या पिकावर विमा उतरवल्याची प्रकरणे उघडकीस आली. प्रत्येक शेताची पाहणी ठेवली तर गैरप्रकाराला प्रत्येक शेतात जागा मिळते. मंडळाच्या सरासरीला एकटा शेतकरी वाकवू शकत नाही. हे खरे आहे आणि क्षेत्रावर आधारित विम्याचा मूळ फायदा हाच आहे.

पण त्यावरून मंडळाची एकच सरासरी हाच मार्ग उरतो, असे होत नाही. सरकार स्वतः दर अतिवृष्टीनंतर पंचनामे करते. आपत्ती निवारण निधीच्या निकषात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालेल्या शेतकऱ्याला जिरायतीसाठी हेक्टरी ८,५००, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये मिळतात, आणि हे ३३ टक्के मंडळाचे नसतात, खातेदाराच्या शेताचे असतात. ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी हे पंचनामे करतात, त्यावर कोट्यवधी रुपये वाटले जातात. ई-पीक पाहणीत गटात काय पेरले याची छायाचित्रासह नोंद असते. मदतीसाठी जो पंचनामा विश्वासार्ह धरला, तो विम्याच्या वेळी निरुपयोगी ठरतो याचे समाधानकारक उत्तर मला सरकारकडून मिळालेले दिसत नाही.

त्या पंचनाम्यालाही एक सरासरीचे दार आहेच. अतिवृष्टी धरायची ती मंडळात २४ तासांत ६५ मिमी पाऊस झाल्यावर. राज्यात मंडळे दोन हजारांवर आणि गावे चाळीस हजारांवर, म्हणजे एका पर्जन्यमापकाच्या भरवशावर वीसेक गावे. ढगफुटीसारखा पाऊस चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो. मापक त्या पट्ट्याबाहेर असला की नोंद ३० मिमीची होते. वेळेचीही गोम आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पहाटे पाच ते साडेआठ ४० मिमी आणि साडेआठ ते अकरा ४० मिमी असा सलग ८० मिमी पाऊस दोन दिवसांत वाटला जातो आणि एकाही दिवशी ६५ भरत नाहीत. स्वयंचलित केंद्रे तासाहून कमी अंतराने नोंद ठेवतात, तेव्हा कोणत्याही सलग २४ तासांचा पाऊस धरणे तांत्रिकदृष्ट्या आजच शक्य आहे. फक्त शासन निर्णयातली एक ओळ बदलायची आहे.

विम्यासाठीही उपाय हाताशी आहे: मंडळाचे हंगामापूर्वीच दोन-तीन थर पाडायचे. नदी-ओढ्याकाठची आणि चिबड, म्हणजे पाणी साचणारी, जमीन एक, मध्यम जमीन दुसरा, माळाची मुरमाड जमीन तिसरा. जलसंपदा विभागाने जिथे निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या आहेत तिथे त्या वापरता येतील. इतर ठिकाणी गावनकाशा, मृदा नकाशा आणि मागच्या पुराच्या उपग्रह प्रतिमा पुरतील. प्रत्येक विमेदाराला अर्ज भरतानाच आपला गट कोणत्या थरात आहे हे कळले पाहिजे, म्हणजे पुरानंतर थर बदलण्याची धडपड कुणाला करता येणार नाही. मग तेच दहा प्रयोग थरांत वाटायचे आणि प्रत्येक थराची सरासरी वेगळी धरायची. एका थरातली शेते एकमेकांसारखी असतात, त्यामुळे त्यांचे विचलन कमी. थरातले प्रमाण विचलन १५० किलो असेल तर पाच प्रयोगांतही प्रमाण त्रुटी ६७ किलोंवर येते. मघाच्या मंडळात एवढे केले तर नदीकाठच्या थराची सरासरी २५० येईल, तूट ६७४ किलो, म्हणजे सुमारे ७३ टक्के, आणि भरपाई हेक्टरी ४०,८०० रुपयांच्या पुढे. माळावरच्याला शून्य, आणि ते योग्यच, त्याचे पीक आले आहे. सरासरी इथेही आहे, एकटा शेतकरी तिला वाकवू शकत नाही हा फायदाही टिकतो. फक्त एकमेकांत न ओतता येणारी शेते वेगळी ठेवली आहेत. सुरुवातीला थरानुसार सात वर्षांचा इतिहास नसेल, म्हणून काही वर्षे मंडळाचाच उंबरठा सर्व थरांना लावावा लागेल.

याने खर्च वाढेल, हे उघडपणे सांगितले पाहिजे. मघाच्या उदाहरणात मंडळात एक पैसाही जाणार नव्हता. थर पाडल्यावर एकूण क्षेत्रावर पसरून पाहिले तरी हेक्टरी १६,३०० रुपयांहून अधिक जातील. विमा हप्ता वाढेल किंवा सरकारचे अनुदान. महाराष्ट्राने स्वीकारलेल्या ८०:११० पद्धतीत भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार सरकार उचलते आणि ८० टक्क्यांपेक्षा कमी राहिली तर कंपनी २० टक्के ठेवून उरलेली रक्कम सरकारला परत देते. म्हणजे सरासरीने झाकलेल्या नुकसानीचे पैसे शेवटी मोठ्या प्रमाणात सरकारी तिजोरीत परततात. राज्याला ते पैसे वाचवायचे असतील तर तसे विधिमंडळात सांगून वाचवावेत, जोखीमस्तर किंवा संरक्षित रक्कम कमी करून वाचवावेत. त्यावर चर्चा होऊ शकते. दहा प्लॉटांच्या भागाकारात ते वाचवले तर चर्चा करायला कुणाच्या हाती काही येतच नाही.

थर पाडायला दोन-तीन हंगाम लागतील. तोवर एक गोष्ट पुढच्या खरिपातच होऊ शकते आणि तिला जवळपास खर्च नाही. प्रत्येक मंडळातल्या दहाही प्रयोगांचे आकडे, गाव, प्लॉटचे ओले आणि वाळलेले वजन, काढलेली सरासरी, तिची प्रमाण त्रुटी आणि उंबरठा उत्पादन, असा एका पानाचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि कृषी विभागाच्या संकेतस्थळावर लावावा. शेतकऱ्याचे नाव त्यात असण्याची गरज नाही. सरासरी आणि उंबरठा यांतले अंतर प्रमाण त्रुटीपेक्षा कमी असेल तर त्या मंडळाचा दावा फेटाळण्याआधी आणखी दहा प्रयोग सक्तीचे करावेत. काढणी आटोपली असेल तर पंचनाम्याच्या नोंदी ग्राह्य धराव्यात. हे आकडे ॲपमध्ये आधीच भरलेले असतात. ते छापण्याचा आदेश खरिपाच्या अधिसूचनेत, पेरणीपूर्वी निघायला हवा, कारण काढणीनंतर निघालेल्या आदेशाचा त्या हंगामाला उपयोग नसतो.